जुन्यासारखं करून द्या

लहान धंद्यात नवा कॉम्प्युटर हौसेनं कुणी घेत नाही. गाडी हौसेनं घेतात, मोबाइल घेतात, मालकांच्या केबिनला फॉल्स सीलिंगसुद्धा हौसेनं होतं; पण हिशेबाचा कॉम्प्युटर जोवर धूर काढत नाही तोवर तो 'चांगला चालतोय की' याच सदरात मोडतो. सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात ही काही तक्रार नसते. तेवढ्यात देवाला उदबत्ती लावून होते, दारात पाणी मारून होतं, पहिला चहा येतो. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला तर उलट या सगळ्याचीच पंचाईत.

त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सांभाळ थांबणार, सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद होणार, असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आणि मी पुण्यात बसून ज्या पेढ्यांचे, दुकानांचे, वर्कशॉपांचे कॉम्प्युटर सांभाळते त्या सगळ्यांना निरोप धाडले, तेव्हा उत्तर सगळीकडून एकच आलं. "म्हणजे बंद पडणार का?" "बंद नाही पडणार, पण..." "मग असू दे." या 'पण'च्या पुढचं वाक्य पुरतं ऐकून घेणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

सांगलीच्या गणपती पेठेतली हळदीची एक पेढी मात्र तयार झाली. सुरक्षेचं महत्त्व पटलं म्हणून नव्हे. मालकांचे चिरंजीव एमबीए होऊन घरी आले होते आणि त्यांना काहीतरी बदलायचं होतं. वडील, दिवाणजी आणि हळदीचा भाव या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातातल्या नसल्यामुळे पाळी कॉम्प्युटरवर आली. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नव्हतंच. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. इथे पेढी तिसऱ्या पिढीची आणि प्रोसेसर चौथ्या, आणि आपलं वय झालंय हे दोघांनाही मान्य नव्हतं.

ठरलं सप्टेंबरच्या सुरुवातीला, पण लगेच पितृपक्ष लागला. पितृपक्षात खरेदी नाही. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. "कर कमी व्हायलाय म्हणं, थांबूया की," मालक म्हणाले. थांबलो. कॉम्प्युटरवर आधी १८ टक्के होता, नंतरही १८ टक्केच राहिला. बत्तीस इंचांहून मोठे मॉनिटर तेवढे २८ वरून १८ वर उतरले होते. "मग तसलंच घेऊ का मोठं?" असं मालकांनी विचारून पाहिलं, पण दिवाणजींच्या टेबलाची रुंदी आडवी आली. शेवटी २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर खोकी घरात आली. लक्ष्मीपूजन २१ ला. त्याच्या आत नव्या मशीनवर सगळं चालू पाहिजे, असा हुकूम निघाला.

"मग तुम्ही कधी येताय?"

"मी येत नाही. इथूनच करून देते."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मालकांनी अदबीनं विचारलं, "तुमच्यात कोण साहेब असतील तर त्यांना देता का फोन?"

साहेब कुणी नाहीत हे पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. त्याहून अवघड होतं ते 'इथून करून देते' हे प्रकरण. वास्तविक त्यात नवं काही नाही. अ‍ॅनीडेस्क आहे, टीमव्ह्यूअर आहे, विंडोजच्या पोटातच क्विक असिस्ट आहे; पुण्यातला उंदीर हलवला की सांगलीतला बाण हलतो. पण आपला कॉम्प्युटर लांबून दुसऱ्याला चालवू द्यायचा नाही, हेच तर सगळे कानीकपाळी ओरडत असतात. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं अ‍ॅनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. मध्यंतरी तर कितीतरी महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन आपल्या खर्जात सायबर चोरांपासून सावध करायचे. म्हणजे फोन गिऱ्हाइकानं मला लावायचा, आधी बच्चनसाहेबांनी बजावायचं, आणि ते थांबले की मी म्हणायचं, "दिवाणजी, मी सांगते ते डाउनलोड करा." दोघांतलं कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल. दिवाणजी शहाणे आहेत. त्यांनी माझा फोन ठेवून मालकांना फोन लावला, मालकांनी मला लावला, आणि मीच ती, अशी खात्री पटल्यावर गाडी पुढे सरकली.

मोठ्या कंपन्यांत हेच काम कसं होतं ते पाहिलं की पोटात दुखतं. तिथे ऑटोपायलट नावाची व्यवस्था असते. खोकं थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातं, तो ते फोडतो, ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड घालतो आणि बाकीचं सगळं आपसूक त्यात उतरतं. याला ते 'झीरो टच' म्हणतात. आयटीवाल्याचा हातच लागायला नको. आमच्या पेढीत आयटीवालीचा सोडून सगळ्यांचा हात लागला होता. हमालांनी खोकी वर चढवली, चिरंजीवांनी फोडली, चहाच्या पोऱ्यानं थर्मोकोलचे तुकडे करून पाहिले आणि मालकीणबाईंनी पूजा केली. हळदीच्या पेढीत हळदीला काय तोटा? प्रत्येक कॅबिनेटवर स्वस्तिक, की-बोर्डवर झेंडू, वरून अक्षता. पुढे पेनड्राइव्ह लावायची वेळ आली तेव्हा तो काही केल्या आत जाईना. मी उलटा करून लावायला सांगितला, मग सुलटा, मग परत उलटा. शेवटी ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं टॉर्च मारून आत पाहिलं, सेफ्टी पिन घातली आणि यूएसबीतून तांदळाचा दाणा काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला. कुंकू लागलेला, अख्खा.

लांबून काम करण्यातली खरी गोम मात्र निराळी आहे. कॉम्प्युटर लांबून चालवायचा तर त्यावर आधी विंडोज उभं राहायला हवं, इंटरनेट लागायला हवं, ते सॉफ्टवेअर उतरायला हवं. म्हणजे माझं काम सुरू होण्याआधीचं निम्मं काम तिथल्याच कुणीतरी करून ठेवायचं. सोय अशी ठरली की व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल पोऱ्यानं धरायचा, डोळे माझे आणि बोटं दिवाणजींची. पण पोऱ्याला कॉम्प्युटरच्या स्क्रीनपेक्षा मोबाइलच्या स्क्रीनवर जास्त रस होता, कारण तिथे मी दिसत होते. "ताईंच्या मागं मांजर हाय!" ही बातमी त्यानं सगळ्या पेढीला दिली. मला त्या वेळी सांगलीचा सीलिंग फॅन दिसत होता.

"दिवाणजी, आता स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काळं."

"सीपीयूचं बटण दाबलंत का?"

"स्टूल आणायला गेलाय."

स्टूल कशाला, हे मला आधी कळेना. मग कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गणपती पेठेत शिरली होती. तेव्हापासून या पेढीत विजेची कुठलीही वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. भिंतीला पुरुषभर उंचीवर फळी मारली आहे आणि सगळे सीपीयू तिच्यावर. नियम चोख आहे, आणि सांगलीत तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नव्या मॉनिटरबरोबर आलेल्या केबलला मात्र तो माहीत नव्हता. फळीवरून निघालेली केबल टेबलाच्या वीतभर वरच संपत होती. मोठी केबल येईपर्यंत मॉनिटर उचलून जुन्या खतावण्यांच्या थप्पीवर ठेवला, आणि दिवाणजी एसटी स्टँडवरचा गाड्यांचा बोर्ड वाचावा तशी मान वर करून कामाला बसले.

विंडोज नवीन असलं की आधी चौकशी फार करतं. देश कोणता, की-बोर्ड कोणता, दुसरा की-बोर्ड हवा का. मग मशीनला नाव काय द्यायचं? इथे पेढी थबकली. नाव पंधरा अक्षरांच्या आत बसवावं लागतं. पेढीचं नाव कसंबसं मावलं, 'अँड सन्स' बाहेर राहिलं. चिरंजीवांना ते लागलं. सगळा खटाटोप त्यांनी सुरू केला होता.

मग विंडोजनं अपडेट उतरवायला घेतले आणि घड्याळात पेढी वाढवायची वेळ झाली. स्क्रीनवर लिहिलेलं, कॉम्प्युटर बंद करू नका. दिवाणजींचा शिरस्ता असा, की जाताना देवाचा दिवा पाहायचा, तिजोरीची मूठ ओढून पाहायची आणि मेन स्विच पाडायचा. वखारीत माल आहे, तारा जुन्या आहेत, रात्री काही झालं तर? त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पडला होता. "ताई, ते बंद करू नका म्हणायलंय. आणि मी तर मेन पाडल्याशिवाय कधी घरी गेलो नाही." मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं मी बोलले. त्या रात्री मेन चालू राहिला. दिवाणजींना झोप लागली नाही, असं दुसऱ्या दिवशी मालकांनी मला सांगितलं, आणि त्यात थोडा ठपका होता.

सकाळी एकदाचं अ‍ॅनीडेस्क उतरलं. आता फक्त त्यावरचा नंबर मला हवा होता.

दिवाणजींनी आयुष्यभर आकडे वाचले आहेत, पण नऊ आकडी संख्या म्हणजे त्यांच्या लेखी रक्कम. अ‍ॅनीडेस्क नंबर तीन-तीनच्या गटांत दाखवतं. दिवाणजींनी ते गट मनातल्या मनात मोडले, आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम घातले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ब्याण्णव कोटी सत्तेचाळीस लाख त्रेसष्ट हजार पाचशे अठरा." मी लिहून घेतलं, तपासलं. एका आकड्याची चूक नव्हती. दुसऱ्या मशीनचा नंबर सांगताना मात्र ते जरा हिरमुसले. "याचे कमी आहेत," म्हणाले, "चाळीस कोटींच्या आतच."

नव्या मुलीनं तिसऱ्या मशीनचा नंबर 'फाइव्ह फोर एट' असा सुटा सुटा वाचला. ती बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली. काम झालं, पण मजा नाही आली.

नंबर मिळाला तरी दार उघडत नाही. काहीही नवीन बसवायला गेलं की विंडोज परवानगी मागतं, आणि त्या क्षणी माझ्याकडची स्क्रीन काळी होते. परवानगी समोर बसलेल्या माणसानंच द्यायची, ही सोय सुरक्षेसाठी आहे आणि ती योग्यच आहे. फक्त समोर दिवाणजी बसले होते.

"दिवाणजी, 'येस' दाबा."

"थांबा, वाचू द्या. बदल करायची परवानगी मागतंय."

"हो, द्या परवानगी."

"कसले बदल ते लिहिलेलं नाही ओ यात."

जगात कोट्यवधी माणसं रोज तो 'येस' दाबतात. कसले बदल, असं विचारणारे मला दिवाणजीच भेटले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे एका सॉफ्टवेअरचा करारनामा आला, तोही त्यांनी चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला घेतला. कलम चारपर्यंत पोचल्यावर त्यांना फोन आला, ते बाहेर गेले आणि मुलीनं 'आय अ‍ॅग्री' दाबून टाकलं. या पेढीची पुढची पन्नास वर्षं तिच्या हातात सुखरूप आहेत.

इथवर सगळं तांत्रिक होतं, म्हणजे सोपं होतं. खरं काम तिन्ही मशीन सुरू झाल्यावर निघालं. दिवाणजी नव्या स्क्रीनसमोर बसले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. आता हे जुन्यासारखं करून द्या."

नव्या कॉम्प्युटरचं गिऱ्हाईक नव्यासाठी पैसे मोजतं आणि नवेपणा काढून टाकायला मला बोलावतं. हे मी सांगलीत पाहिलं, चिपळूणला पाहिलं, चाकणच्या एका वर्कशॉपातही पाहिलं. यात हसण्यासारखं काही नाही, असं मी आधीच सांगून ठेवते. स्टार्टचं बटण १९९५ पासून डावीकडे खाली कोपऱ्यात होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ नं ते काढूनच टाकलं, तर जगभर असा गहजब झाला की पुढच्या वर्षी परत बसवावं लागलं. विंडोज ११ नं ते ढकलत मधोमध आणलं. त्यामुळे माझी पहिली कामगिरी ठरलेली असते, बटण डावीकडे नेऊन ठेवायचं. दिवाणजींनी समाधानाचा श्वास सोडला.

मग चित्रं. दिवाणजी स्क्रीनवरची नावं वाचत नाहीत, त्यांना जागा पाठ आहेत. टॅली म्हणजे पहिल्या उभ्या ओळीतलं वरून दुसरं. नव्या मशीनवर नेमकी तिथे कचऱ्याची टोपली बसली होती. त्यांनी सवयीनं दोनदा टिचकी मारली, आत काहीच नाही, आणि पेढीत हाकाटी झाली की टॅलीतला सगळा हिशेब गेला, नुसती टोपली राहिली. मी जुन्या स्क्रीनचा फोटो मागवला आणि एकेक चित्र त्याच्या वडिलोपार्जित जागेवर नेऊन ठेवलं. पार्श्वभूमीला थोरल्या मालकांचा फोटो हवा होता. तो जुन्या चौकोनी मॉनिटरच्या मापाचा. नव्या रुंद स्क्रीनवर ताणला गेला आणि थोरल्या मालकांचे गाल फुगले. "एवढे जाड नव्हते ते," मालक दुखावून म्हणाले. दोन्ही बाजूंना पट्ट्या सोडून फोटो मूळ मापात आणला. पट्ट्यांचा रंग मुलीनं निवडला. पिवळा.

की-बोर्ड ही चिरंजीवांची निवड होती. पातळ, चपटा, मोत्यासारख्या रंगाचा, आणि उजवीकडचे आकडेच नसलेला. हिशेबनिसाला आकड्यांच्या बटणांशिवाय की-बोर्ड देणं हा कुठल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, कोण जाणे. शिवाय वरच्या ओळीतली एफची बटणं आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी राखलेली. टॅलीचा पट्टीचा माणूस उंदराला हात लावत नाही. एफ-पाच म्हणजे पेमेंट, एफ-सहा म्हणजे रिसीट, एफ-आठ म्हणजे विक्री. दिवाणजींनी विक्री घालायला बटण दाबलं की आवाज वाढायचा. त्या दिवशी बरीच विक्री होती. शेवटी त्यांनी आपला जुना टीव्हीएस गोल्ड परत मागितला. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल: बँकेत, कोर्टात, टायपिंगच्या क्लासात खडखड वाजणारा, वजनदार, अक्षरं झिजून गेली तरी न थकणारा की-बोर्ड. त्याची पिन जुन्या गोल भोकाची आणि नव्या मशीनला तसं भोकच नाही. कन्व्हर्टर मिळाला आणि खडखड पुन्हा सुरू झाली. चिरंजीवांचा मोती आता पोऱ्या वापरतो, कशासाठी ते विचारलेलं नाही.

पेढीची मराठी पत्रं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. तो फाँट नसला की 'सप्रेम नमस्कार'च्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि पौंडाची खूण उमटते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सांगलीच्या पेठेला ही वार्ता कुणी अधिकृतपणे कळवली नसावी. पुन्हा पुन्हा लागणारी पत्रं मुलीनं युनिकोडमध्ये टाइप करून ठेवली, प्रश्न मिटला.

टॅलीचा परवाना जुन्या मशीनवरून उचलून नव्यावर बसवताना मात्र घाम फुटला. त्याला ईमेल लागतो, पासवर्ड लागतो. पेढीचे सगळे पासवर्ड रोजकिर्दीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असतात आणि त्या रोजकिर्दीची दर लक्ष्मीपूजनाला पूजा होते. पासवर्डातल्या तिसऱ्या अक्षरावर कुंकवाचं बोट उठलं होतं. शून्य की ओ, यावर चर्चा होऊन शेवटी नवा पासवर्ड घ्यायचं ठरलं. त्याचा ओटीपी मालकांच्या मोबाइलवर, मालक मार्केट यार्डात सौद्याला. दिवाणजींनी त्यांना फोन लावून माझ्याशी जोडून दिला. मागे लिलावाचा गलका. मालकांनी "चार, सात..." म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. सौद्यात उभं राहून मोठ्यानं आकडा म्हटला तर ती बोली धरतात. मग ते कुजबुजायला लागले, तर मला ऐकू येईना. मी मोठ्यानं बोला म्हणायचं, त्यांनी आणखी हळू बोलायचं, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपायची. अखेर ते चहाच्या टपरीमागे गेले आणि तिथून सहा आकडे आले. त्या अवधीत हळदीच्या एका चांगल्या ढिगाचा सौदा दुसऱ्यानं केला, हेही मला नंतर ऐकवण्यात आलं.

राहता राहिला प्रिंटर. चिरंजीव नवा लेसर प्रिंटर आणणार होते, दिवाणजींनी तो उंबऱ्यातच अडवला, आणि या एका बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी तीन प्रतींत निघते, मध्ये कार्बन. लेसर कागदाला नुसता चाटून जातो, खालच्या प्रती कोऱ्या राहतात. ठोसा मारणारा डॉट मॅट्रिक्सच हवा. तो होताच, टर्र टर्र करत गावाला जाग आणणारा. पण त्याची जाड केबल ज्या खोबणीत जायची ती खोबण नव्या कॉम्प्युटरला नाही, आणि पट्टीचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या वाटेनं छापायला तयार नाही. यूएसबीची केबल लावली, प्रिंटर शेअर केला, जुन्या वाटेचं नाव त्याला चिकटवून दिलं. सॉफ्टवेअरची समजूत पटली की आपण अजून २००५ मध्येच आहोत. छापलेली पहिली पट्टी मुलीनं मोबाइलसमोर धरली. मजकूर एक रकाना सरकला होता. शेतकऱ्याची सगळी रक्कम 'हमाली'च्या खाली उमटली होती.

"हे बघून शेतकरी माझी हमाली काढंल," दिवाणजी म्हणाले.

कागदाचं माप हातानं घालून, समास केसाकेसानं सरकवून, कागदाच्या रिमची जाडी कमी होईतो ते जमवलं. आकडे आपापल्या घरात गेले.

जुनं मशीन फेकायचं नाही असं आधीच ठरलेलं. 'असू दे, लागलं तर' म्हणून ते फळीच्या टोकाला गेलं. त्याआधी मुलीनं त्याची बाजू उघडून मला आत दाखवलं होतं. पंखा, तारा, मदरबोर्ड, सगळं पिवळंजर्द. इतक्या वर्षांची हळद श्वासातून आत गेलेली. त्यावरचा अँटिव्हायरस केव्हाच मुदत संपून पडला होता, तरी आत एकही व्हायरस सापडला नाही. हळद जंतुनाशक असते, हे चिरंजीवांचं म्हणणं. एमबीएचा मी तेवढ्यापुरता आदर केला.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बिल पाठवलं. मालकांचा फोन आला. काम चांगलं झाल्याचं त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं, आणि मग मुद्द्यावर आले. "पण तुम्ही तर आलाच नाहीत." येण्याजाण्याचा खर्च यात धरलेलाच नाही, हे मी सांगितलं. "म्हणूनच म्हणतोय, धरला नाही म्हणजे तेवढा कमी पाहिजे की." न धरलेली रक्कम वजा कशी करायची यावर आमचा बराच वेळ गेला.

पाडव्याला पैसे आले, आणि मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो. माझ्या नावानं निघालेली हिशेबपट्टी, नव्या मशीनवर, जुन्या प्रिंटरवर छापलेली, समास अगदी बरोबर. मालाच्या पुढे 'हळद, राजापुरी', कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा माल घालायची सोयच नाही. नग तीन. वजन कोरं. तोलाई शून्य. हमालीच्या रकान्यात मात्र आकडा होता आणि तो एकूण रकमेतून वजा केला होता.

मी दिवाणजींना फोन लावला. म्हटलं, हमाली कसली?

"मोबाइल धरून उभा होता ओ तो पोरगा," दिवाणजी म्हणाले. "तुमच्यासाठीच की."